सुतक नसलेलं मरण

ह्यांनी मला संन्यासाचं सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. रविवारची सकाळ होती. मुलगी लग्न होऊन जूचंद्रला गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. हे आतून आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि जुडी ओढून घेऊन पानं खुडायला लागले. सवय नव्हती त्यांना, देठांसकट तोडत होते. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, मी करते."

ते मान खाली घालूनच म्हणाले, "अगं, मला आता जायचंय."

मला वाटलं, बाजारात.

"कुठे?"

"नर्मदेवर. आश्रमात. कायमचं."

त्या आश्रमात ते काही वर्षांपासून दर हिवाळ्यात पंधरा दिवस जाऊन राहायचे. मी लाडू करून द्यायचे, बरोबर स्वेटर द्यायचे. आमच्या इमारतीतले इतर पुरुष पत्ते खेळतात, क्रिकेट बघतात, तसं ह्यांचं हे, असं मी धरून चालले होते. घरी रोज पहाटे पूजा, संध्याकाळी पोथी. त्यात मी कधी पडले नाही आणि त्यांनीही मला कधी ओढलं नाही. त्यामुळे आतल्या आत हे इतकं पुढे गेले असतील, असं मनात यायचं काही कारण नव्हतं.

"माझं सगळं करून झालं," ते म्हणाले. "आईचं झालं. पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं. नोकरी संपली. घर तुझ्या नावावर आहे, पेन्शनही तुझ्याच हातात राहील. आता इथे माझं म्हणून काही उरलं नाही."

"आणि मी?"

 हा माणूस कधी खोटं बोलला नाही, वेळ मारून नेणारं उत्तरही कधी दिलं नाही. त्यांनी खरोखर विचार केला, मग म्हणाले, "तुझं काय करायचं राहिलंय ते सांग. ते करून जाईन."

यावर बाईने काय सांगावं? सांगायला म्हणून एक काम सुचेना. मी म्हटलं, "मेथी देठांसकट तोडू नका. भाजी कडू होते."

आमचं लग्न अगदी साध्या चालीने झालेलं. हे देवगडकडचे, मी साताऱ्याकडची. वसईत आम्ही जागा घेतली तेव्हा इमारतीच्या तिन्ही बाजूंना वाड्या होत्या, केळी आणि नारळ. मला इथल्याच एका मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिकेची नोकरी मिळाली. हे मुंबईला एका सरकारी कचेरीत. मुलगी झाली. मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि गावचं घर बंद करून आम्ही त्यांना इकडे आणलं.

त्यानंतरची बरीच वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. रोज सकाळी आम्ही दोघं मिळून त्यांना अंघोळ घालायचो. हे पाठीमागून काखेत हात घालून त्यांना उचलून धरायचे, मी पाणी घालायचे. त्या कधी रागावायच्या, कधी मला शिव्याही द्यायच्या, कारण जीभ वळत नव्हती आणि मनातलं कळवता येत नव्हतं. मग आम्ही त्यांना गॅलरीत उन्हाला खुर्चीत बसवायचो. केस ओले, अंगाला पावडरचा वास. आम्ही दोघं उंबऱ्याला टेकून चहा प्यायचो. दोघांनाही कामावर जायची घाई असायची, तरी तेवढा चहा आम्ही बसून प्यायचो. बोलायचो नाही. एकदा असंच बसलेले असताना मला वाटून गेलं की आता यात काही कमी नाही. कोणी विचारलं असतं काय हवंय, तर मला सांगता आलं नसतं. मी देवळात फारशी न जाणारी बाई. पण देव म्हणतात तो कुठे भेटला का, असं कोणी विचारलं तर मी त्या गॅलरीकडे बोट दाखवीन.

त्या रविवारी ह्यांनी "आईचं झालं" म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या सगळ्या सकाळी आम्ही दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बसलो होतो. मला वाटायचं आम्ही जगतोय. ते ऋण फेडत होते.

आश्रमातल्या वडीलधाऱ्या स्वामींनी त्यांना एक अट घातली होती. बायकोची संमती असेल तरच दीक्षा. हे त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही अगदी सरळ. "तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. मनात काही धरणारही नाही."

मी काहीच म्हणाले नाही. ना हो, ना नाही. मला अजून दोन वर्षं नोकरी होती. मी सकाळी शाळेत जायचे, दुपारी यायचे, स्वयंपाक करायचे. त्यांनी एका शब्दानेही आठवण करून दिली नाही. भांडले असते, रुसले असते, तर बरं झालं असतं. त्यांनी गादी सोडली आणि बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायला लागले. जेवण एक वेळचं केलं. मासे तर कधीचेच सोडलेले. पूर्वी पाचूबंदरहून कोळीण दारात आली की स्वतः खाली बसून बोंबील निवडून घेणारा माणूस, आता तिचा आवाज आला की उठून आत जायचा.

मुलगी आली ती तणतणतच. ती माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते.

"बाबा, हे म्हणजे पळून जाणं आहे," ती म्हणाली.

"असेल," हे म्हणाले.

"आई आयुष्यभर तुमच्यामागे राबली. आता कुठे तिला उसंत मिळणार. तुम्ही दोघं फिरायचं, जरा निवांत राहायचं, ते सोडून..."

"ते मला माहीत आहे गं."

"मग आईला काय सांगून जाताय?"

"तिला सांगून नाही जात. तिला विचारून जाणार आहे. तिने सांगितलं तर राहणार आहे."

मुलीने माझ्याकडे बघितलं. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. जाणारे ते आणि ठरवायचं मी.

मी किती आठवडे तशी राहिले, आठवत नाही. पावसाळा सरून उन्हं आली होती. एकदा दुपारी शाळेतून आले. लॅच उघडून आत पाऊल टाकलं तर हे गॅलरीत खुर्चीवर बसलेले, रस्त्याकडे बघत. माझी चाहूल त्यांना लागली नाही. इतकी वर्षं प्राथमिक शाळेत घालवल्यावर एक चेहरा मला लांबूनही ओळखता येतो. शाळा सुटलेली असते, बाकीची मुलं गेलेली असतात, आणि एखादं पोर दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभं असतं. त्याला न्यायला कोणी आलेलं नसतं. ते रडत नाही, कोणाला त्रास देत नाही, फक्त रस्त्याकडे बघत राहतं. ह्यांचा चेहरा तसा झाला होता. अशा पोराला मी कधी ओरडले नाही. उलट फाटकापाशी जाऊन त्याच्याबरोबर उभी राहिले आहे.

मी पर्स खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, "जा तुम्ही."

ते उठले. माझ्यासमोर आले आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरकले. "काय करताय हे," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्यांचा मला झालेला शेवटचा स्पर्श तो. पायांना.

ते गेले त्या दिवशी मी रजा घेतली नाही. मुलीच्या नवऱ्याने त्यांना गाडीने सोडायचं ठरवलं होतं. दारात ते एक कापडी पिशवी घेऊन उभे होते. मला सवयीने शब्द आले, "पोचलात की फोन करा." ते हो म्हणाले, आणि केलाही. "पोचलो," एवढंच. मधल्या वेळात मी दुसरीच्या वर्गात बेरजा घेतल्या. मुलांनी हात वर केले, मी त्यांना फळ्याशी बोलावलं, सगळं नेहमीसारखं झालं. मधल्या सुट्टीत मात्र डबा उघडला आणि लक्षात आलं की सकाळी मी दोन माणसांच्या पोळ्या केल्या होत्या.

मग लोक यायला लागले. मला वाटलं होतं, लोक हळहळतील, निदान बघ्यासारखे येतील. पण ते आनंदाने आले. "पुण्यवान आहात." "अहो, कुळात एक संन्यासी झाला की पुढच्या-मागच्या पिढ्या तरतात." "तुमचं केवढं मोठं मन." सोसायटीच्या सत्यनारायणाला मला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावर घेऊन उभी राहिले. घरी येऊन ती घडी करून कपाटात टाकली आणि बराच वेळ कपाटाच्या दाराला धरून उभी होते.

आमच्या इमारतीच्या मागे एक जुनं बैठं घर आहे. तिथे राहणारी बाई ख्रिस्ती, इथल्याच गावातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा जहाजावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं परदेशात. फोनवर ती त्यांच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला निम्मी कळायची, आणि माझ्याशी मात्र शाळेत शिकल्यासारखं नीट मराठी बोलायची. वाडीतली केळी उतरवली की ती सुकेळी करायची. सोललेली केळी उन्हात वाळवून, वर सुक्या पानाचं वेष्टण घालून बांधायची. शाल-नारळाच्या दुसऱ्या दिवशी ती सुकेळ्यांची एक जुडी घेऊन वर आली. आली, बसली, हे गेल्याचा विषयच काढला नाही. चहा पिऊन झाल्यावर मीच म्हटलं, "लोक पेढे मागतात हो माझ्याकडे."

ती म्हणाली, "ऐकलं मी. माझा गेला तेव्हा सगळा गाव रडायला आला होता. आठ दिवस चूल पेटवायला लागली नाही. तुझं तर त्याहून कठीण झालं. तुला रडायलाही कोणी देणार नाही."

एवढं बोलून ती कपबशी विसळून ठेवून गेली.

संक्रांतीला आमच्या मजल्यावरची एक जण दारात येऊन घुटमळली. "हळदीकुंकवाला तुम्हाला बोलवायचं की नाही, आम्हाला कळेना. मग गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बोलवायला हरकत नाही." मी गेले. मला कुंकू लावताना तिचा हात जरासा थांबला. ते फक्त मला कळलं असेल. पुढच्या संक्रांतीला मी मुलीकडे जाऊन राहिले.

दीक्षा झाल्याचं आम्हाला मुलीच्या व्हॉट्सॲपवर कळलं. आश्रमातल्या कोणी तरी फोटो पाठवला होता. डोकं तुळतुळीत, भगवी वस्त्रं, हातात दंड. मुलीने फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. "आई, बाबा हसतायत बघ." खरंच हसत होते. असं हसताना त्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी मुलीला म्हटलं, मला एकदा जाऊन यायचंय. तिने तिच्या मुलांची सोय सासूकडे केली आणि आम्ही दोघी गेलो. मागच्या घरातल्या बाईने सुकेळी दिली होती. ह्यांना ती फार आवडायची.

आश्रम छोटा, स्वच्छ. समोर दगडी घाट आणि संथ नदी. आम्ही कचेरीत बसलो होतो, तर हे बाहेरून आले. अंगाने वाळले होते, पण चेहरा असा की मला क्षणभर परक्या माणसाकडे बघतेय असं वाटलं. त्यांनी हात जोडले. "नारायण. या माई. प्रवास नीट झाला ना तुमचा?"

लग्न झाल्यापासून ते मला 'अगं' म्हणत आले होते. नाव त्यांनी फारसं घेतलं नाही. 'अगं' हेच माझं नाव होतं. त्या एका 'माई'ने ते पुसलं गेलं. मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा तिलाही त्यांनी "सुखी राहा, माई" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मुलीचा आणि आईचा एकच शब्द झाला होता.

सुकेळी त्यांनी हातात घेऊन तशीच कोठारात पाठवली. दुपारच्या पंगतीत ती सगळ्यांना प्रसाद म्हणून वाढली गेली. वाढायला हेच होते. माझ्या पानापुढे आले, वाकले, सगळ्यांना जेवढा भात वाढला तेवढाच मला वाढला, तसंच हळू आवाजात विचारलं, "अजून?" मी नको म्हटलं. ते पुढे सरकले. संध्याकाळी मी त्यांना एका म्हाताऱ्या साधूचे पाय चेपताना पाहिलं. साधूला नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमी येत असावं. हे त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगत होते आणि तो दात नसलेल्या तोंडाने हसत होता. आईला अंघोळ घालताना ह्यांचे हात जसे असायचे, तसेच ते हात. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि राग आला असता तर जास्त बरं झालं असतं. कारण हा माणूस ढोंग करत नव्हता. तो सुखात होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी घाटावर बसले होते. ते येऊन जरा लांब, दोन पायऱ्या सोडून बसले. बोलायची परवानगी असावी, कारण त्यांनीच विचारलं, "शाळा संपली का तुमची?"

"संपली. निवृत्त झाले."

"वेळ कसा जातो?"

"जातो." मग मीच म्हटलं, "एक विचारू?"

"विचारा ना."

"मी कधी आठवते का तुम्हाला?"

ते नदीकडे बघत होते. म्हणाले, "सगळेच आठवतात, माई. रोज सगळ्यांसाठी प्रार्थना करतो."

"मला सगळ्यांत नको होतं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच लहान मुलीसारखा वाटला.

  मला वाटलं आता ते 'अगं' म्हणतील. खरंच तसं वाटलं, कारण त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती आणि ओठ हलले होते. पण आरतीची घंटा झाली. ते उठले.

मी गळ्यातलं पुढे करून म्हटलं, "हे काढू का ठेवू, तेवढं तरी सांगून जा."

"ते तुमच्या मनावर आहे," ते म्हणाले, आणि हात जोडून वर निघून गेले.

परतीच्या प्रवासात मुलगी म्हणाली, "निदान ते सुखात आहेत, आई. आपण तेवढं समाधान मानायचं." तिचंही बरोबर होतं. तिच्यासाठी ते वडीलच राहिले होते. वडील लांब राहिले तरी वडीलच असतात.

त्यांचं जाणं मला पुढे काही वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी कळलं. गॅसवर आमटी होती, फोडणीला मोहरी टाकणार एवढ्यात फोन वाजला. परका नंबर, माणूस हिंदी बोलत होता. "माताजी, स्वामीजी ब्रह्मलीन हो गये." आणि त्याने एक मोठं संस्कृत नाव घेतलं, शेवटी आनंद असलेलं. मी म्हटलं, "राँग नंबर. आमच्याकडे कोणी स्वामीजी नाहीत," आणि फोन ठेवून दिला. मोहरी टाकली. कढीलिंब टाकला. फोन पुन्हा वाजला. तोच माणूस. या वेळी तो थोडा अडखळला, शब्द शोधत होता. "पूर्वाश्रम में... वो आपके पति थे."

मी गॅस बंद केला. तो सांगत होता की ताप आला होता, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, आणि आज सकाळी नर्मदेत जलसमाधी दिली. यायची गरज नाही, पुढचं सगळं आश्रम करील. मी त्याला "ठीक आहे" म्हटलं. दुसरं काय म्हणायचं, मला माहीत नव्हतं.

मुलगी आली, ती दारातच माझ्या गळ्यात पडून रडली. जावई तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी तिला धरून उभी होते. मला रडू येईना. संध्याकाळी गुरुजींना फोन लावला, दहावं-तेरावं कसं करायचं विचारायला. ते चांगले गृहस्थ आहेत, समजुतीने बोलले. "ताई, तुम्हाला सुतक नाही. संन्याशाचं काही करायचं नसतं. दीक्षेच्या वेळी त्यांनी स्वतःचं श्राद्ध स्वतःच केलेलं असतं. संसाराच्या दृष्टीने ते तेव्हाच गेले."

"मग तेव्हा मला कोणी का नाही सांगितलं?"

 मग ते म्हणाले, "तुम्ही नामस्मरण करा."

सुतक नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावू शकत होते, भाजी आणू शकत होते, सगळं नेहमीसारखं. इमारतीतले लोक भेटायला आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच समाधान. "नर्मदामाईच्या कुशीत गेले." "मोक्षच तो." "अशा मरणाला रडू नये." मी सगळ्यांना पाणी दिलं. मागच्या घरातली बाई गुडघे धरत जिना चढून आली. भाताचं पातेलं आणि डाळ फडक्यात बांधून आणली होती. "आज तू चूल पेटवायची नाहीस," एवढंच म्हणाली. ते मात्र मी ऐकलं. गॅसकडे गेले नाही.

त्या दिवसांत मी एक प्रश्न पुन्हा पुन्हा स्वतःला विचारला, अजूनही विचारते. त्यांना जे मिळालं ते खरं होतं, याची मला शंका नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मला त्या गॅलरीत मिळालं ते खोटं होतं का? त्यांच्या लेखी संसार ही एक पायरी होती, पुढे जायची. मी त्याच पायरीवर घर बांधून राहिले. दोघांपैकी एकाचं चुकलं असतं तर हिशेब सोपा होता. पण कोणाचंच चुकलं नाही, आणि तरी मी एकटी उरले. देवाने माणसांना वेगवेगळ्या वाटांनी बोलावलं, हे मी मानते. पण दोन बोलावणी एकमेकांच्या आड आली तर काय करायचं, ते कुठल्याच पोथीत सापडलं नाही. त्यांच्या पोथ्या मी नंतर सगळ्या वाचून काढल्या.

मंगळसूत्र मी एका साध्या बुधवारी काढलं. कोणाला विचारलं नाही. अंघोळीला जाताना काढलं आणि परत घातलं नाही.

पाऊस संपता संपता मुलीच्या सासरी पूजा निघाली. तिला फुलं आणि केळीचे खुंट हवे होते. ती म्हणाली, चल निर्मळला, तिथे वाडीतून ताजं मिळतं, तुझंही बाहेर पडणं होईल. तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मधून अरुंद रस्ता. ती एका वाडीत शिरली, मला म्हणाली देवळापाशी बस. मी देवळाच्या पायरीवर टेकले. शेजारी एक म्हातारी मांडीवर ओला रुमाल पसरून फुलांचे गजरे करत बसली होती. जवळ विकायला ठेवलेली टोपली. तिने माझ्याकडे एक नजर टाकली, बाटली पुढे केली. "पानी पी, बाय. उन्हाची आलीस."

मी प्यायले. तिचे हात चालूच होते.

"मालक काय करतात?" तिने विचारलं. सहज, जसं कोणीही विचारतं.

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. 'आश्रमात असतात.' पुढे 'संन्यास घेतलाय' म्हणायचं आणि समोरच्याचे हात जोडले जाताना बघायचे. त्या दिवशी तोंडातून निराळंच आलं.

"वारले," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. "कदी?"

"पावसाच्या आधी."

"काय झालं होतं?"

"ताप आला. मी जवळ नव्हते."

तिने फुलं रुमालावर ठेवली, सरकून माझ्या जवळ आली आणि ओल्या हातानेच माझ्या पाठीवर थोपटलं. "लय वाईट झालं, बाय," ती म्हणाली. "लय वाईट झालं."

वाईट झालं, असं मला कोणीच म्हटलं नव्हतं. ते घर सोडून गेले त्या दिवसापासून कोणीच नाही. मी पदर तोंडाला लावला, पण रडू थांबण्यातलं नव्हतं. भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी हुंदके देऊन रडले. लोक दर्शन घेऊन बाजूने उतरत होते. म्हातारी मला गप्प राहा म्हणाली नाही. मोक्ष, पुण्य, असलं काही बोलली नाही. फक्त मधूनमधून म्हणायची, "रड, रड."

मुलगी फुलांची पिशवी घेऊन आली आणि मला पाहून जागीच उभी राहिली. घाबरली असावी. तिने म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "तुझी आई ना? बस तिच्याजवल." मुलगी पिशवी खाली ठेवून माझ्या दुसऱ्या बाजूला बसली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "आई, मला वाटायचं तुला त्रास झालाच नाही."

"झाला गं," मी म्हटलं. "खूप झाला."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. आम्ही दोघी तशाच बसलो होतो, तोवर म्हातारीने गजरे पुरे केले आणि टोपली आवरली. जाताना तिने एक गजरा माझ्या मांडीवर ठेवला. मग तिलाच काही आठवलं असावं. मी आता गजरा माळायची नाही. तिने तो उचलून मुलीच्या हातात दिला, माझ्या गालाला हात लावला, आणि टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली.